विद्यापीठ कोणाच्या धानावर उभे राहिले?

आषाढ लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन कामे एकदमच दारात येऊन उभी राहतात. बांध्यांत चिखलणी होऊन पऱ्हे रोवण्याजोगे झालेले असतात, रोवणीच्या बायांची मजुरी व खताची थैली यांस रोख पैसा लागतो. आणि त्याच सुमारास बारावी झालेल्या पोरापोरींची नावे कॉलेजात घालावयाची असतात. उन्हाळी धानाचे चुकारे हाती पडले असले तर ठीक, नसले तर दोहोंपैकी एक काम मागे पडते. आणि पीक मागे टाकून कोणाचेच चालत नसल्यामुळे मागे पडते ते बहुधा पोरीचे कॉलेज. अशा वेळी पालक मंडळी आम्हांस विचारतात, "गुरुजी, हे विद्यापीठ विद्यापीठ म्हणतात ते आहे तरी कोणाचे? सरकारचे, की नागपूरवाल्यांचे?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नाही. नागपूर विद्यापीठाने 2023 साली शंभरी पुरी केली. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या आवारात 108 वी भारतीय विज्ञान काँग्रेसही भरली. सोहळ्यात हिशेब मांडण्याचा रिवाज नसतो. म्हणून तो आज आम्ही आमच्या वाचकांपुढे मांडतो.

आपल्या मुलखात वरिष्ठ शिक्षण आले ते विद्यापीठाच्या आधी चाळीस वर्षे. नागपुरास स्कॉटिश मिशनने 1883 साली हिस्लॉप कॉलेज काढले व 1885 साली मॉरिस कॉलेज सुरू झाले. पण कॉलेज आपले असले तरी परीक्षा आपली नव्हती. 1857 साली इंग्रज सरकारने मुंबई, कलकत्ता व मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापिली होती. त्यांपैकी कलकत्त्याशी नागपूरची कॉलेजे जोडलेली होती, आणि पुढे ती अलाहाबादेशी जोडली गेली. म्हणजे वैनगंगेच्या काठचा एखादा पोरगा मोठ्या हिमतीने नागपुरास जाऊन शिकलाच, तर त्याचा अभ्यासक्रम ठरवावयाचे गंगेच्या काठचे विद्वान! मध्यप्रांत व वऱ्हाड हा निराळा प्रांत, त्याची भाषा मराठी व हिंदी, त्याची पिके निराळी, त्याचे लोक निराळे. तेव्हा या प्रांताचे विद्यापीठ असावे ही मागणी न्याय्यच होती. ती 4 ऑगस्ट 1923 रोजी पुरी झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. सहा कॉलेजे आणि हजाराहून कमी विद्यार्थी, एवढाच तेव्हाचा पसारा होता.

आता या हजारभर विद्यार्थ्यांत बांधीत उतरणाऱ्याचे, मागावर बसणाऱ्याचे, घण उचलणाऱ्याचे लेकरू किती असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. भंडारा जिल्ह्यात त्या वेळी एकही कॉलेज नव्हते, आणि गोंदियाही तेव्हा याच जिल्ह्यात होते हे लक्षात ठेवले पाहिजे. मात्र पैसा देण्याच्या कामी भंडारा मागे नव्हता. प्रांतिक सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबी होत्या जमीनमहसूल, अबकारी आणि जंगल. म्हणजे शेतकऱ्याचा सारा, गोरगरिबांनी मोहाच्या दारूवर उधळलेले पैसे, आणि ज्या रानात आमची माणसे मोळी व पाने वेचीत फिरत त्या रानाचे भाडे. या तिन्ही नळांनी पाणी जाऊन सरकारी हौदात पडे व त्या हौदातून कॉलेजांस व विद्यापीठास ग्रांट मिळे. ज्याच्या घरचे पाणी त्याच्या घरात घडाभरही परत येत नव्हते.

हे गणित आम्ही नवीन काढले आहे असे नाही. नागपूर विद्यापीठ जन्मास येण्यापूर्वी एक्केचाळीस वर्षे, 1882 साली, हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. सरकारी तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, त्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्यांच्यापासून तो घेतला त्यांच्या खेड्यात साधी शाळाही धड नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. कमिशन आले आणि गेले. जोतीरावांच्या म्हणण्याचा अर्थ काही पढतमूर्ख असा करतात की, बहुजनांनी लिहिण्यावाचण्यापुरते शिकावे व कॉलेज इतरांस सोडून द्यावे. तसा अर्थ त्यात मुळीच नाही. घराचा पाया भरल्यावाचून माडी चढवू नका, एवढेच ते सांगत होते. आणि माडी झाली की तीत राहावयाचा हक्क पाया खणणारांचाही आहे, हे निराळे सांगण्याची त्यांस गरज वाटली नसावी.

विद्यापीठावर आम्ही नुसते दोषच लादतो असे कोणी म्हणू नये. त्याने काही गोष्टी अशा केल्या की त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. 1938 साली निजामाच्या राज्यात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांस बाहेर काढले, तेव्हा त्या पोरांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले; पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. स्वातंत्र्याच्या सुमारास या विद्यापीठाने मराठी व हिंदी यांस कॉलेजातील शिक्षणाचे माध्यम करण्याचे पाऊल टाकले. इतर विद्यापीठे तेव्हा इंग्रजीवाचून पाणीही पीत नव्हती. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली सुमारे पस्तीस लाखांची दौलत धंदेशिक्षणासाठी या विद्यापीठास मृत्युपत्राने दिली. त्या काळचे पस्तीस लाख! त्यातून 1942 साली लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली, तेल, रंग, कागद, अन्न अशा हरघडी लागणाऱ्या वस्तूंचे शास्त्र तेथे शिकविले गेले, आणि 2023 पासून ती स्वतःच एक विद्यापीठ झाली आहे. देवळाच्या कळसावर सोने चढविणारे धनिक आम्ही पुष्कळ पाहिले, रसायनशाळेवर चढविणारे थोडे.

हा वृक्ष वाढला तशा त्याच्या फांद्या तुटून स्वतंत्र झाल्या. पूर्वी नागपूरचे कुलगुरू राहिलेले डॉ. हरिसिंग गौर यांनी आपल्या कमाईतून 1946 साली सागर येथे विद्यापीठ काढले. शेतीचे शिक्षण 1969 साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेले. 1983 साली वऱ्हाडासाठी अमरावती विद्यापीठ झाले, 2011 साली गडचिरोली व चंद्रपूर यांच्यासाठी गोंडवाना विद्यापीठ झाले. आज नागपूर विद्यापीठाकडे राहिले ते नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे. कोठे तो जबलपूरपासून बुलढाण्यापर्यंतचा प्रांत आणि कोठे हे चार जिल्हे! पण यात वाईट वाटण्याचे कारण नाही. विद्या जितकी जवळ येईल तितकी बरी.

भंडाऱ्याकडे ती आली कशी? सरकारच्या दयेने थोडी व लोकांच्या खटपटीने फार. विडीच्या व्यापारात वर आलेले गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांनी 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था काढली व पुढे या पूर्वेकडच्या टोकाला कॉलेजांची रांग लागली. आज भंडाऱ्यास जे. एम. पटेल, तुमसरला एस. एन. मोर, लाखनीला समर्थ, साकोलीला एम. बी. पटेल अशी महाविद्यालये उभी आहेत. आमच्या मुली सायकलीने व एस.टी.ने तेथे जातात. तेंदूची पाने खुडून हात काळे झालेल्या आयांच्या त्या मुली, हे विडीवाल्यांनी व विद्यापीठवाल्यांनी दोघांनीही विसरू नये.

येथे एक गोष्ट आमच्याच कुणबी, तेली, पोवार, कोहळी, कोष्टी बंधूंस सांगावीशी वाटते, ती थोडी कडू आहे. 1944 पासून अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींच्या मुलांस मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. त्या काळी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते. पुढे 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले, तर आमच्या जिल्ह्याने त्यांस पाडले. परंतु त्यांच्या माणसांनी त्यांचा उपदेश पाडला नाही. गावकुसाबाहेरच्या झोपडीतून पोरगा नागपूरच्या वसतिगृहात जाऊन पदवी घेऊन आला, आणि त्याच गावातील आठ एकरवाला शेतकरी, "शिकून काय दिवे लावायचे, धान तर मलाच लावायचे," असे म्हणून मुलास नांगरास जुंपीत राहिला. आमच्या पाहण्यातील कित्येक गावांचा हा इतिहास आहे. त्याचा मत्सर करण्यात अर्थ नाही, त्यावरून शिकण्यात आहे.

असो. आता नावांचा विषय घेऊ, कारण अलीकडे विद्यापीठांच्या बाबतीत सरकारचा सर्वांत आवडता उद्योग तोच झाला आहे. नागपूर विद्यापीठास 2005 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले. अमरावतीच्या विद्यापीठास संत गाडगे बाबांचे नाव आहे. जळगावच्या विद्यापीठास 2018 साली बहिणाबाई चौधरींचे, पुण्याच्या विद्यापीठास 2014 साली सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. ही नावे पाहून कोणत्या सत्यशोधकाची छाती फुगणार नाही? खंजिरी घेऊन खेडोपाडी ग्रामसफाई सांगत हिंडणारे तुकडोजी शाळेच्या पायऱ्या फार चढले नव्हते. गाडगे बाबा परिटाचे पोर, अक्षरशत्रू. बहिणाबाई शेतकऱ्याघरची सासुरवाशीण, तिला लिहिता येत नव्हते. ज्यांना एकाही विद्यापीठाने आपल्या उंबऱ्यात घेतले नसते, त्यांची नावे आज पदवीच्या कागदावर सर्वांत वर छापली जातात. हा काळाचा न्याय खरा. परंतु पाटी बदलली म्हणजे दुकानातला माल बदलला असे होत नाही. गाडगे बाबांच्या नावाच्या विद्यापीठात परिटाच्या पोरीला राहावयास खोली मिळते काय? बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात मोटेवर व जात्यावर गाणाऱ्या बाईच्या शब्दाला शास्त्राचा मान मिळतो काय? नाव देणाऱ्या मंत्र्यांस हार घालण्यापूर्वी एवढे विचारावे.

आमच्या ह्या शंकेस कारण आहे. या राज्याने 1997 साली रामटेक येथे संस्कृत विद्यापीठ स्थापिले. संस्कृतशी आमचे वैर नाही. ज्याला शिकावयाची त्याने खुशाल शिकावी, आणि ती आता कोणाच्या सोवळ्यात राहिलेली नाही हे उत्तमच आहे. पण मराठी राज्याला मराठी भाषेचे विद्यापीठ सुचावयास 2024 साल उजाडावे लागले. ते रिद्धपुरास सुरू झाले, जेथे म्हाइंभटाने चक्रधरस्वामींचे लीळाचरित्र लिहिले. सातशे वर्षांपूर्वी चक्रधरांच्या शिष्यांनी पंडितांची संस्कृत बाजूला ठेवून म्हाताऱ्या बायाबापड्यांस कळेल अशा मराठीत धर्म सांगितला. त्यांच्या गावी मराठीचे विद्यापीठ यावे हे योग्यच. मात्र देवभाषेचे विद्यापीठ आधी व माणसांच्या भाषेचे सत्तावीस वर्षांनी, हा क्रम कोणी व कसा ठरविला याचे उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही.

विद्यापीठाने शेतकऱ्याच्या विद्येस काय किंमत दिली हे पाहावयाचे असेल तर दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट ऐकावी. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे हे गृहस्थ. शिक्षण तिसरी, शेत दीडेक एकर. 1983 च्या सुमारास पटेल-3 जातीच्या धानात त्यांस काही लोंब्या निराळ्या दिसल्या. आपल्यापैकी किती जणांना दिसतात व आपण त्या मळणीत तुडवून टाकतो! दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचा, खाण्यास गोड, भरपूर उताऱ्याचा वाण हाती आला. एका व्यापाऱ्याने घड्याळाच्या नावावरून त्यास एच.एम.टी. म्हटले, तेच नाव पडले. आज हे नाव ठाऊक नाही असा धान गिरणीवाला भंडाऱ्यापासून छत्तीसगडापर्यंत सापडावयाचा नाही. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने याच वाणावर काम करून पीकेव्ही-एचएमटी नावाचे वाण बाहेर काढले. त्यात आपले नाव कोठे नाही, ही दादाजींची तक्रार होती. 2005 साली राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा गौरव झाला, परदेशातील मासिकांनी त्यांचे फोटो छापले. आणि 2018 साली ते वारले ते गरिबीतच.

या गोष्टीत विद्यापीठाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. वाण शुद्ध करणे, दहा ठिकाणी पेरून तपासणे, रोग पाहणे हे शास्त्राचे काम आहे व ते एकट्या शेतकऱ्याने होत नाही. आमच्या साकोलीच्या संशोधन केंद्रानेही धानाचे वाण दिले आहेत आणि आमचे शेतकरी ते लावतात. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याच्या डोळ्याने पहिली लोंबी पाहिली त्याचे नाव कागदावर लिहावयास शाई किती लागते? पुस्तक लिहिणाऱ्या प्रोफेसराचे वाक्य कोणी न सांगता उचलले तर विद्यापीठ त्यास चोरी म्हणते. शेतकऱ्याचे बियाणे उचलले तर त्यास काय म्हणावे, याचा शब्द विद्यापीठाने एकदा ठरवून टाकावा.

आणि विद्या काय फक्त धानाचीच आहे? हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी येथे हजारो तलाव व बोड्या बांधल्या. पाण्याचा उतार डोळ्याने जोखून पाळ कोठे घालावी, सांडवा कोणत्या अंगास ठेवावा, खालच्या बांध्यांस पाणी कोणत्या क्रमाने सोडावे, हे त्यांना कोणत्या इंजिनिअरिंग कॉलेजाने शिकविले नव्हते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळाने भरू लागले. पाळी लावणारा माणूस गेला, त्याच्याबरोबर त्याची विद्याही चालली. मोहाडी, आंधळगाव, पवनीकडील कोष्ट्यांचा कोसा घ्या. कोश उकळण्यापासून सूत काढण्यापर्यंतचे ज्ञान त्यांच्या बायकांच्या मांडीवर आहे, कारण सूत मांडीवरच वळले जाते. भंडाऱ्याच्या कासारांची पितळी भांडी एके काळी दूरदूर जात. स्टील व अल्युमिनिअम आले आणि भात्यांचा आवाज बसला. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथून मँगनीज निघून सगळ्या देशात जाते, त्या खाणीवरच्या मजुराच्या पोराला मात्र त्या दगडाचे शास्त्र शिकावयाचे तर नागपूर गाठावे लागते. ज्या चार जिल्ह्यांच्या कराने विद्यापीठ चालते त्यांच्या तलावांवर, कोशावर, पितळेवर पदवीला एखादा सबंध विषय असावा, कारागिराने त्यात शिकवावे व त्याला शिकविण्याचा पगार मिळावा, ही मागणी आम्ही करतो. कारागिरास बी. ए. नाही म्हणून तो शिकवू शकत नाही, असे उत्तर येईल. त्यास आमचे प्रत्युत्तर असे की, मग विद्यापीठास तुकडोजींचे नाव कोणत्या पदवीवर दिले?

आमच्यातील काही तरुण म्हणतात, गडचिरोलीला विद्यापीठ झाले, मग भंडारा-गोंदियाला का नको? त्यांच्या उत्साहाचे आम्हांस कौतुक आहे, पण आमचे मत निराळे आहे. गडचिरोलीचे अंतर निराळे. सिरोंचाच्या मुलास नागपूर म्हणजे परदेश होता. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. नवे विद्यापीठ म्हणजे नवे कुलगुरू, नवी मोटार, नवी इमारत, नवी ठेकेदारी. पोराच्या ताटात त्यातले काय पडेल? तेवढ्याच पैशात भंडारा, तुमसर, साकोली, पवनी व लाखांदूर येथे मुलामुलींची वसतिगृहे उभी राहिली तर आम्ही ते पसंत करू. महाराष्ट्रात बहुजनांचे वरिष्ठ शिक्षण इमारतीतून आले नाही, ते वसतिगृहातून आले. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरास एकामागून एक जातीची बोर्डिंगे काढली. 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम दिला. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि निरनिराळ्या जातींची पोरे एका पंगतीस बसवून, त्यांच्याकडून कष्ट करवून, त्यांस शिकविले. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे तेच केले. भाकरी व अंथरूण यांची सोय झाली की कुणब्याचे पोर कोणत्याही परीक्षेस मागे पडत नाही.

म्हणून फी माफीच्या बातमीने फार हुरळून जाऊ नये. 2024 साली सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतील आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागासवर्गीय मुलींची धंदेशिक्षणाची फी माफ केली, ही गोष्ट चांगली झाली. परंतु लाखांदूरच्या मुलीला नागपुरात राहावयाचे म्हणजे फीपेक्षा खोलीचे भाडे व खाणावळ भारी पडते. त्यासाठीही योजना आहेत आणि त्यांची नावे आमच्या वाचकांनी पाठ करून ठेवावी: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींसाठी स्वयं योजना, इतर मागास व भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि मराठा व दुर्बल घरांतील मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अर्ज मुदतीत करावा लागतो. दाखले आषाढात नव्हे, उन्हाळ्यातच काढून ठेवावे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, हे तीन दाखले ज्या घरच्या पेटीत तयार असतात त्या घरच्या मुलीचे वर्ष वाया जात नाही, असा आमचा शाळेतला अनुभव आहे. शिवाय 2024 पासून पदवी चार वर्षांची होऊ लागली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते हे खरे, पण चौथ्या वर्षाचा मान ज्याला परवडेल त्याचा, आणि तो कोणाला परवडेल हे सांगणे नलगे.

खेड्यातल्या शाळेचीही आठवण येथे केलीच पाहिजे. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. आम्ही मराठी ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेले खेड्यातले मास्तर; आमच्या पोटाचा प्रश्न म्हणून आम्ही ओरडतो असे कोणी म्हणेल तर म्हणो. टोल्यावरची सहा वर्षांची मुलगी नाला ओलांडून तीन मैलांवरच्या समूहशाळेत जाणार नाही. जी पहिलीत गेली नाही ती विद्यापीठात कोठून जाणार?

शेवटी कारभाराची गोष्ट. 1999 साली नागपूर विद्यापीठात पुनर्मूल्यांकनात गुण वाढवून देण्याचा घोटाळा उघडकीस आला आणि सबंध विदर्भाच्या पदवीकडे लोक संशयाने पाहू लागले. ज्यांनी पैसे भरले त्यांचे काय झाले ते झाले. रात्री कंदिलाशी बसून शिकलेल्या प्रामाणिक पोराच्या कागदावरही तो डाग उडाला. असे का होते? विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्यांत आमची माणसे नसतात म्हणून. आणि ती का नसतात? कायद्याने दार बंद आहे असे नाही. 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेत दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यावयाच्या आहेत. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग व महिला यांस एकेक जागा राखलेली आहे. ही अधिसभा विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर बोलू शकते, प्रश्न विचारू शकते. पण "नोंदणीकृत" हा शब्द नीट वाचावा. पदवी घेतली म्हणजे मतदार झालो असे नाही. ठरलेला अर्ज भरून नाव नोंदवावे लागते. नागपुरातील मंडळी तो अर्ज नेमाने भरतात, त्यांच्या पेढ्या व क्लब त्यासाठी धावपळ करतात. आमच्या गावचा बी. ए. झालेला मुलगा पदवीचा कागद काच लावून भिंतीस टांगतो आणि खरेदी केंद्रावर धानाची पोती मोजीत बसतो. त्याच्या नावाची नोंद नाही, म्हणून त्याचे मत नाही, म्हणून त्याच्या तालुक्यास वसतिगृह नाही.

ज्या पदवीधर बंधुभगिनींस हा अर्ज कसा भरावा हे ठाऊक नसेल त्यांनी पदवीचे प्रमाणपत्र, आधारकार्ड व एक फोटो घेऊन कोणत्याही शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर यावे; आम्ही व्हरांड्यात बसलेले असतो. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींनी माहेरच्या नावाचे प्रमाणपत्र असल्यास नाव बदलल्याचा पुरावाही जोडीस आणावा, कारण कारकून लोक अर्ज परत पाठवितात ते बहुधा त्याच कारणाने.